जाळून दाखव

सरांनी मला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य होतं, "छान चालतंय. आता हे जाळून दाखव."

पीएचडीसाठी त्यांच्याकडे जागा आहे का, हे विचारायला मी गेले होते. सोबत एमएस्सीला असताना बनवलेला पॉवर सप्लाय होता. तो बनवायला मला अख्खी थंडी लागली होती. घरच्यांनी त्याला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मी तो टेबलावर मांडला, त्यावर दिवा पेटवून दाखवला आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, दिव्याकडे बघितलं आणि ते वाक्य म्हटलं.

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसले. ते हसले नाहीत.

"जाळू? पण का, सर?"

"चालतंय ते मला दिसतंच आहे. त्यातून काय कळलं? कसं मेलं ते कळलं की वस्तू कळते. वाढव व्होल्टेज."

वाढवलं. जरा वेळ काही झालं नाही, मग आत फट् झालं आणि धूर निघाला. सरांनी वाकून तो धूर अत्तर हुंगावं तसा हुंगला आणि समाधानाने म्हणाले, "कपॅसिटर. सोमवारपासून ये."

मी झाशीतल्या आमच्या ओरछा गेटपर्यंत टेम्पोत डोळे पुसत आले. आईने दारातच विचारलं, "जागा नाही मिळाली?"

"मिळाली."

"मग रडतेस कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर मला पुढची कैक वर्षं रोज नव्याने मिळत गेलं.

आमचा गट सिलिकॉन कार्बाइडवर काम करायचा. हा स्फटिक हिऱ्याच्या जवळपास जाईल इतका कठीण असतो, आणि त्याची पातळ चकती उजेडात धरली तर आरपार दिसते, किंचित हिरवट, सरबताच्या बर्फासारखी. तिच्यातून कापलेली मसुराएवढी चिप प्रचंड व्होल्टेज अडवून धरते आणि साध्या सिलिकॉनची चिप ज्या उष्णतेत दम तोडते त्या उष्णतेत शांतपणे काम करत राहते. विजेवर चालणाऱ्या गाड्या, सौर पंप, चार्जर यांच्यात हल्ली ती बसवतात. चिपची आखणी आम्ही करायचो, ती घडून यायची दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेतून, आणि परत आली की तिचा छळ करायचं काम पुन्हा आमच्याकडे. छळ हा माझा शब्द. सर त्याला ओळख करून घेणं म्हणत.

प्रयोगशाळेच्या दोन खोल्या होत्या. यंत्रांच्या खोलीत एसी होता, माणसांच्या खोलीत नव्हता. झाशीचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको. भिंतीला हात लावला तर चटका बसायचा, आणि नळाच्या पाण्यात चहा होईल असं वाटायचं. आम्ही सगळ्यांनी मिळून सरांकडे गाऱ्हाणं नेलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "जो पदार्थ तुम्ही अभ्यासता त्याला इतका उकाडा सोसतो, आणि तुम्हाला सोसत नाही?" यावर माणसाने काय बोलायचं? आम्ही यंत्रांच्या खोलीत काहीतरी मोजायचं आहे असं सांगून एकेक करून आत जाऊन बसायला लागलो. त्या उन्हाळ्यात आमच्या गटाने जितकी मोजमापं केली तितकी पुढे कधी केली नाहीत. सरांना हे कळत होतं की नव्हतं, याचा छडा मला आजही लागलेला नाही.

गटात मराठी आम्ही दोघंच, सर आणि मी. ते खंडेराव गेटचे, आम्ही ओरछा गेटचे. दोन्ही घरं मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आलेली आणि राज्य गेलं तरी न हललेली. सर शिकवायचे हिंदीत, शोधनिबंध लिहायचे इंग्रजीत. रागावायचे मात्र मराठीत, आणि तेही आमच्या आजीच्या काळच्या मराठीत. म्हणजे राग कुणाचाही आलेला असो, तो समजायचा मला एकटीलाच. गटातल्या साकेत भैयाने तार उलटी जोडली की सर माझ्याकडे बघून कडाडायचे, "शुंभासारखा बघत काय बसलाय! अजागळ कुठला!" मग सर गेल्यावर सगळे माझ्याभोवती जमायचे.

"ताई, का कै रए थे?" साकेत भैया विचारायचा. घरी मला ताई म्हणतात, तो घरचा फोन एकदा कुणीतरी ऐकला तेव्हापासून गटात मी सगळ्यांचीच ताई झाले होते, माझ्याहून मोठ्यांचीसुद्धा.

"कुछ नहीं भैया. ध्यान से करने को बोले."

"और जे अजागळ मतलब?"

"मतलब... सीधा-सादा. भोला."

त्याला तो शब्द फार आवडला. पुढे बाहेरगावचे एक परीक्षक प्रयोगशाळा बघायला आले. सरांनी ओळख करून दिली, तेव्हा साकेत भैया नम्रपणे हात जोडून म्हणाला, "सर, मैं तो बस अजागळ हूँ." परीक्षक नेमके नागपूरचे निघाले. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी यंत्रांच्या खोलीत जाऊन काहीतरी मोजायला लागले.

साकेत भैया झाशी जिल्ह्यातल्या मऊरानीपूरचा. वडील लवकर गेले, आई तिकडेच होती. गटात तो सगळ्यात जुना, आणि त्याला कितवं वर्ष चालू आहे हे विचारायचं नाही असा आमच्यात अलिखित नियम होता. बोलणं कमी, हात स्थिर. चिपवर उच्च व्होल्टेज देताना हवेतून ठिणगी उडू नये म्हणून ती तेलात बुडवून तपासतात. आम्ही त्याला भजी तळणं म्हणायचो. बाकी आमच्यापैकी प्रत्येकाच्या हातून चिप तेलात हरवलेली होती. त्याच्या हातून कधी हरवली नाही.

सरांना प्रयोगशाळेच्या बाहेर भेटणं म्हणजे वेगळाच ताप. सकाळी ते लक्ष्मी तालावर, म्हणजे गावातल्या तळ्यावर, फिरायला जायचे, आणि ज्याचं काही अडलं असेल त्याने तिथे यायचं असा दंडक होता. फिरता फिरता आपण आपलं म्हणणं मांडायचं. सर लक्ष देऊन ऐकायचे आणि एखादा मुद्दा पटला नाही की होते तिथे थबकायचे. मागून सायकलवाले, दूधवाले, देवळात निघालेल्या बायका. कुणीतरी ओरडायचं, "ओ बाबूजी, किनारे हो जाओ!" सरांना ऐकू जायचं नाही. मी त्यांना बाहीला धरून बाजूला ओढायचे, ते बाही सोडवून घेत म्हणायचे, "मध्येच विषय बदलू नकोस." एकदा तर एक म्हैस त्यांच्या पाठीला नाक लावून उभी राहिली, आणि सर मला इलेक्ट्रॉन कुठे अडकून पडतात ते समजावत राहिले. समजावणं संपलं तेव्हा म्हैसही गेली.

काकूंची दया यायची. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. त्यांच्याकडच्या चैत्राच्या हळदीकुंकवाला मी आणि आई गेलो होतो. झाशीतल्या उरल्यासुरल्या मराठी घरांतल्या बायका त्या दिवशी काकूंच्या दिवाणखान्यात जमलेल्या, हातात पन्ह्याचे पेले, आंब्याची डाळ फिरतेय, बाहेर ऊन रणरणतंय आणि आत कूलर चाललाय. एवढ्यात आतल्या खोलीतून गीझर, इस्त्री, मिक्सर यांची बटणं एकामागून एक दाबल्याचे आवाज आले. काकूंचा चेहरा उतरला. "अगंबाई," त्या पुटपुटल्या, "आजच का?" आणि धप्प करून सगळं बंद पडलं. कूलर थांबला, पंखे थांबले. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, तेव्हा कळलं की गल्लीचीही वीज गेली.

सर बाहेर आले. घामाघूम, आणि चेहरा उजळलेला. "कळलं!" ते जमलेल्या बायकांना म्हणाले. "स्टॅबिलायझरमधला रिले सगळ्यात आधी जातो. मला ट्रान्सफॉर्मरचा संशय होता."

एका म्हाताऱ्या आजींनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. काकू माझ्या आईकडे वळून म्हणाल्या, "माणूस वाईट नाही हो. फक्त चाललेलं चालू देववत नाही ह्यांना."

सरांचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

आता साकेत भैयाचं सांगते, कारण सरांचं सांगायचं म्हणजे ते टाळता येत नाही.

त्याच्या चिपा उत्तम होत्या. आमच्या गटात तोवर झालेल्या सगळ्या चिपांत उत्तम. व्होल्टेज सोसायच्या, उष्णता सोसायच्या, महिनोन्महिने भट्टीत ठेवल्या तरी बदलायच्या नाहीत. भट्टी म्हणजे सरांनी स्वतःच्या हाताने बनवलेलं यंत्र. तरुणपणी एका मोडीत निघालेल्या ओव्हनचं पोट रिकामं करून त्यात त्यांनी तापणारी तार बसवली होती, चिप धरायला खाचा केल्या होत्या, मधोमध तापमान मोजणारी सुई. आत चिपा ठेवायच्या, तापवायच्या, वरून व्होल्टेज द्यायचं आणि वाट बघायची. त्या भट्टीवर सरांचा इतका जीव की ती पुसायचं कामसुद्धा ते दुसऱ्याला देत नसत.

तर साकेत भैयाच्या चिपा भट्टीत टिकायच्या, पण दर खेपेला एखादी अकारण मरायची. बाकीच्या ठणठणीत आणि ही काळी पडलेली. का, ते कळायचं नाही.

प्रबंध लिहून तयार होता. सरांची सही हवी होती. दक्षिणेतल्या एका कंपनीने त्याला घ्यायचं नक्की केलं होतं, प्रबंध दाखल झाला की लगेच रुजू व्हायचं. मऊरानीपूरला आईने शेजारणींना सांगून झालं होतं.

"ये क्यों मरा?" सरांनी काळी पडलेली चिप चिमट्यात धरून विचारलं.

"सर, इतनों में एकाध तो जाता ही है," साकेत भैया म्हणाला.

"एकाध कोई कारण नहीं होता. कारण लाओ, साइन ले जाओ."

त्याने नव्या चिपा ठेवल्या. पुन्हा एक मेली. त्याने चिपांची साफसफाई बदलली, तारा जोडायची रीत बदलली, कडेची आखणी बदलून दक्षिणेतून नवीन चिपा घडवून आणल्या. त्या यायलाच एक ऋतू गेला. पुन्हा एक मेली. दर वेळी तो ती चिप सरांसमोर ठेवायचा, आणि सर दर वेळी तितक्याच उत्सुकतेने ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचे. त्यांच्या आवाजात राग नसायचा, हे सगळ्यात वाईट होतं. रागावले असते तर भांडता आलं असतं. ते रमलेले असायचे.

कंपनीचे फोन यायला लागले. साकेत भैया बाहेर जाऊन बोलायचा, परत यायचा आणि कामाला लागायचा. एकदा त्याने धीर करून सरांना विचारलंही. मी तिथेच होते.

"सर, वो लोग पूछ रहे हैं. अगर आप इस बार..."

"कंपनियाँ बहुत हैं, साकेत. ऐसा फेल्युअर दुबारा नहीं मिलेगा." आणि हे त्यांनी इतक्या प्रेमाने म्हटलं की मला टेबल उलटं करावंसं वाटलं.

मग एक दिवस ती जागा दुसऱ्याला दिल्याचं कंपनीचं पत्र आलं. साकेत भैयाने ते फोनवर वाचलं, फोन खिशात ठेवला आणि आदल्या दिवशीच्या चिपांवरचं तेल धुवायला बसला. मला पत्राचं त्याने नंतर सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. आम्ही बोलतच होतो, एवढ्यात सर आत आले. हातात सूक्ष्मदर्शकातून काढलेलं चित्र.

"बघ, बघ," ते मला म्हणाले, "ह्या वेळी कोपऱ्यातून सुरुवात झाली आहे! किती सुंदर भेग आहे बघ."

मग मी ओरडले. आमच्या घरात वडीलधाऱ्यांशी कुणी आवाज चढवून बोलत नाही, आणि हे तर माझे गुरू. पण मराठीत होतं म्हणून की काय, तोंडातून निघतच गेलं.

"तुम्हाला काही दिसतं का हो, सर? त्याची नोकरी गेली! दोन शब्द लिहून सही केली असती तर आज तो तिकडे असता. चिप का मेली, चिप का मेली! सगळ्यांना मोडून बघता. माझा पॉवर सप्लाय मोडलात, काकूंचं हळदीकुंकू मोडलंत, ह्याला मोडलंत. तुमची ती लाडकी भट्टी कधी मोडून बघितलीत का?"

शब्द कुणाला समजले नव्हते, पण काय झालं ते सगळ्यांना समजलं होतं. आता आपली पीएचडीही संपली, असं मनात आलं.

सर माझ्याकडे बघत उभे होते. चष्मा कपाळावर. म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"नाही बघितली मोडून." आणि त्यांनी टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

रागावतील, घालवून देतील, निदान मान फिरवून निघून तरी जातील, असं वाटत होतं. या माणसाने तिथल्या तिथे मांडी घालून आपली जन्मभराची भट्टी खोलायला घेतली. मागची पट्टी निघाली, आतलं अस्तर निघालं. सरांनी टॉर्च मागितला. साकेत भैयानेच तो पुढे केला. आत बघितलं तर तापणारी तार एका बाजूला ढिली होऊन खाली लोंबत होती, कोपऱ्यातल्या खाचेच्या अगदी अंगावर. तापमान मोजणारी सुई मधोमध. म्हणजे मधल्या चिपा सांगितलं तेवढ्या तापत होत्या आणि कोपऱ्यातली बिचारी भाजून निघत होती. कुठली चिप कुठल्या खाचेत होती, याची नोंद आम्ही कधी ठेवलीच नव्हती. खात्रीसाठी आम्ही बाजारातून आणलेल्या, नामांकित बनावटीच्या चिपा खाचांत बसवल्या आणि भट्टी जशी होती तशी पुन्हा लावली. कोपऱ्यातली मेली. तशीच काळी, तशीच भेग.

साकेत भैयाच्या चिपांत काही दोष नव्हता. कधीच नव्हता.

आणि सर आनंदले. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. ते अक्षरशः टाळ्या वाजवायला लागले. "कारण सापडलं!" माणूस पाठवून त्यांनी गरम जिलबी मागवली, सगळ्या विभागाला बोलावलं, फळ्यावर लोंबणारी तार काढून दाखवली, आणि स्वतःची चूक अशा हौसेने समजावून सांगितली जणू नातवाचं कौतुक करताहेत. सही त्यांनी त्याच दुपारी केली. म्हणाले, "साकेत, इस भट्टी पर एक अध्याय जोड़ दो. इसके बिना थीसिस अधूरी है."

"हओ सर," साकेत भैया म्हणाला. त्याच्यासमोरची जिलबी तशीच राहिली. कागदाला तूप सुटलं.

त्याने तो अध्याय लिहिला. तोंडी परीक्षेत उत्तरं इतकी चोख दिली की परीक्षकांनी उभं राहून हात मिळवला. मग तो सगळ्यांना भेटला, मला म्हणाला, "चलते हैं ताई," सरांना लांबूनच नमस्कार केला आणि गेला. आमच्याकडे शिष्य गुरूच्या पाया पडल्याशिवाय निघत नाही. ते न करणं हे किती मोठं बोलणं आहे, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. एकट्या सरांना सोडून.

पुढच्या पावसाळ्यानंतर कधीतरी सरांनी मला विचारलं, "साकेत त्या दिवशी वाकला नाही. त्याची पाठ दुखत होती का गं?"

मी हातातलं काम खाली ठेवलं. "नाही, सर."

"मग? आणि तो फोनही उचलत नाही. त्याला राग कशाचा आहे?"

मग मी सांगितलं. ह्या वेळी ओरडले नाही. तो मऊरानीपूरच्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, शिकवतो आहे, तिथे प्रयोगशाळा नाही, दुसऱ्या कुठल्या कंपनीने इतक्या वर्षांच्या पीएचडीवाल्याला विचारलं नाही, हे सगळं सांगितलं.

"पण कारण तर सापडलं," सर म्हणाले. त्यांचा आवाज मात्र पहिल्यासारखा नव्हता.

"तुम्हाला सापडलं, सर. त्याला त्यातून काय मिळालं?"

सरांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. "हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा तुम्ही जिलबी खात होता."

त्यानंतर ते त्या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. लक्ष्मी तालावर फिरणं चालू होतं, थबकणं चालू होतं, पण थबकल्यावर ते काही विचारायचे नाहीत, नुसतेच उभे राहायचे. काकू मला म्हणाल्या, "ह्यांना काय झालंय? घरात गेला महिनाभर काहीच बिघडलं नाही." त्यांच्या आवाजात काळजी होती. माझा तर संतापच झाला. आधी वागण्याचा ताप, आता न वागण्याचा. माणसाने किती सोसायचं!

थंडी गेली. मे लागला, लू म्हणजे भाजून काढणारा वारा सुरू झाला आणि एक दिवस भर उन्हात सर आमच्या दारात उभे. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं.

"मऊरानीपूरची बस कुठून सुटते?"

"सर, ह्या उन्हात? दिवाळीच्या सुटीत जाऊ."

"तू येणार आहेस की मी विचारत विचारत जाऊ?"

गेले. न जाऊन करते काय? बसभर मी त्यांना बजावत होते, "सर, तिकडे गेल्यावर भट्टीचं काही काढू नका. चिपांचं काढू नका. नुसतं भेटायचं." ते मान हलवत होते. त्यांचे ओठ हलत होते. हिंदीतली वाक्यं जुळवत होते, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. आयुष्यभर ज्या भाषेत शिकवलं तिच्यात त्यांना शब्द सापडत नव्हते.

साकेत भैयाच्या आईने दार उघडलं. मला ती ओळखत होती. माझ्यामागे उभ्या असलेल्या सरांकडे बघून तिने, हेच का ते, असं हळूच विचारलं, "बेई आएँ?"

"हओ अम्मा."

तिने पदर पुढे ओढला आणि आत गेली. मला वाटलं, आता पाणीसुद्धा मिळायचं नाही. पण ती जिरं घातलेला मठ्ठा घेऊन आली, पेला सरांच्या हातात दिला आणि म्हणाली, "घाम में आए हो. पैलें जो पी लो." घाम म्हणजे त्यांच्या बोलीत ऊन.

साकेत भैया शाळेतून आला. सरांना बघून दारातच थांबला. सर उठून उभे राहिले, वर्गात विद्यार्थी उभा राहतो तसे.

"साकेत, भट्टी मैंने बनाई थी. मैंने उसे कभी नहीं जाँचा. तुम्हें जाँचता रहा. तुम्हारी नौकरी मेरे कारण गई." एवढं एका दमात. मग, "अब बताओ, मैं क्या करूँ?"

"बैठ जाइए, सर."

"नहीं, पहले बताओ."

साकेत भैयाने चपला काढल्या, त्या नीट भिंतीशी ठेवल्या. "अब कुछ नहीं हो सकता, सर," तो म्हणाला. त्यात टोचणं नव्हतं आणि माफीही नव्हती. होतं तसं सांगितलं. सरांनी मान हलवली आणि खाली बसले. मला वाटत होतं, कुणीतरी रडेल, कुणीतरी कुणाच्या गळ्यात पडेल आणि हे एकदाचं संपेल. तसं काही झालं नाही. अम्माने पुऱ्या तळल्या. आम्ही जेवलो. साकेत भैया शाळेतल्या मुलांबद्दल बोलला, वीज जाते त्याबद्दल बोलला. सर ऐकत होते. मध्ये एकही प्रश्न न विचारता माणसाचं सगळं बोलणं ऐकताना मी त्यांना प्रथमच बघत होते.

परतीच्या बसपर्यंत तो आम्हाला सोडायला आला. पाया पडला नाही. सर चढून थेट खिडकीच्या जागेवर जाऊन बसले, बाहेर नजर लावून. बस सुरू झाली तेव्हा साकेत भैया दारापाशी आला आणि मला म्हणाला, "ताई, सर को खिड़की पे मत बैठने देना. लू लग जाएगी उनको."

मी सरांपाशी जाऊन ते सांगितलं.

"कोण म्हणालं?"

"साकेत भैया."

सर उठले, उपरणं सारखं केलं आणि आतल्या जागेवर सरकून बसले. खिडकीपाशी मी बसले, आणि झाशी येईपर्यंत ती सगळी लू माझ्या तोंडावर घेतली.